बाळाचे वजन आणि गावाची जबाबदारी : प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यात लहान मुलांच्या लठ्ठपणावर पुस्तक कशाला, हा प्रश्न वाचकाला पहिल्याच पानावर पडेल आणि तो पडायलाच हवा. आठ तालुक्यांचा हा जिल्हा महाराष्ट्राला ठाऊक आहे तो अवर्षणासाठी. नीती आयोगाने २०१८ मध्ये देशातले आकांक्षित जिल्हे निवडले, तेव्हा गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिम यांच्याबरोबर तत्कालीन उस्मानाबादचे नाव आले. दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. अंगणवाडीच्या मासिक अहवालात सॅम (तीव्र कुपोषित) आणि मॅम (मध्यम कुपोषित) बालकांचे रकाने आधी पाहिले जातात. अशा ठिकाणी ‘पोरं जाड होतायत’ म्हणून काळजी करणे कुणाला शहरी चोचले वाटले, तर त्याला दोष देता येणार नाही.

तरीही हे पुस्तक लिहिले गेले, कारण पाच वर्षांखालच्या मुलांचा लठ्ठपणा आणि कुपोषण ही दोन टोके आहेत हा समजच आता टिकत नाही. दोन्हींची मुळे बरीचशी एकाच ठिकाणी आहेत: आईच्या गरोदरपणात, बाळाच्या पहिल्या दोन वर्षांच्या ताटात आणि त्या ताटात काय पडते हे ठरवणाऱ्या गावाच्या व्यवहारात. मुळे एकत्र असतील तर उपायही एकत्रच करावे लागतील, आणि ते एकट्या आईच्या आवाक्यातले नाहीत. पुस्तकाचा सगळा प्रपंच एवढ्या एका म्हणण्याभोवती आहे.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आणि २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने हडकुळी आढळली. उंचीच्या मानाने वजन जास्त असलेली मुले होती ४.१ टक्के. चौथ्या फेरीत हेच प्रमाण १.९ टक्के होते. देशाचा आकडा याच काळात २.१ वरून ३.४ वर गेला. चार टक्के म्हणजे पंचवीस मुलांमागे एक. आकडा लहान आहे, पण प्रतिबंधाची भाषा आकडा लहान असतानाच बोलायची असते. तो मोठा झाला की उरतात ते उपचार. मोठा झाल्यावर तो कसा दिसतो, हे याच सर्वेक्षणात आहे: राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २३.४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या, आणि त्याच वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या. जाड शरीर आणि कमी रक्त एकाच घरात, पुष्कळदा एकाच बाईत सापडते.

आता अंगणवाडीत वजन कसे होते ते पाहू. आढ्याला किंवा दाराच्या चौकटीला काटा टांगलेला असतो. झोळीत बाळ बसते, रडते, काटा हलतो, थांबतो. सेविका आकडा वाचते आणि आई विचारते, “किती भरलं?” गेल्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त भरले की सगळ्यांचे समाधान होते. उंची घ्यायची असते, पण मूल सरळ उभे राहत नाही, मोजपट्टी भिंतीवर वाकडी लागलेली असते, मागे रांग खोळंबलेली असते. उंचीचा आकडा मग घाईत लिहिला जातो.

त्या घाईत काय निसटते? समजा, तीन वर्षे पूर्ण झालेल्या दोन मुली आहेत. दोघींचे वजन साडेतेरा किलो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलीचे मध्यम वजन १४ किलोच्या जरासे आत आहे, म्हणजे वय आणि वजन एवढेच पाहिले तर दोघीही ठणठणीत. आता उंची घेऊ. पहिली ९५ सेंटिमीटर भरली. तिच्याबद्दल काळजीचे कारण नाही. दुसरी भरली ८२ सेंटिमीटर. ती वयाच्या मानाने फार बुटकी आहे आणि त्या उंचीला साडेतेरा किलो हे वजन जादा आहे. एकाच मुलीत कुपोषणही आहे आणि जादा वजनही. काट्याला दोन्ही दिसले नाहीत. तिच्या आईला “हिला अजून खाऊ घाल” असे सांगणे चूक आणि “हिचं खाणं कमी कर” असे सांगणे त्याहून मोठी चूक. तिला हवी आहेत डाळ, अंडे, दूध, पालेभाजी. नको आहे ते बिस्कीट, वेफर आणि साखरेचा चहा. या मुलीला ओळखता येणे ही सगळ्या विषयाची पहिली पायरी आहे.

वजनालाच प्रमाण मानण्याची सवय आपल्याला उगीच लागलेली नाही. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हा देशापुढचा प्रश्न उघडउघड उपासमारीचा होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने खडी फोडून पोट भरले होते, त्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. वजन वाढणे म्हणजेच जगणे, असा तो काळ. गावोगाव सुदृढ बालक स्पर्धा व्हायच्या आणि गुबगुबीत गालांच्या बाळाला बक्षीस मिळायचे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी प्रमाणके दिली. सहा देशांतल्या ज्या मुलांच्या मोजमापांवर ती बेतली, त्यांत दक्षिण दिल्लीतली मुलेही होती. ‘आपली मुलं मुळातच लहान चणीची’ या समजुतीला त्यातून उत्तर मिळाले: नीट खायला मिळाले, आजार कमी झाले, तर कुठल्याही देशातले मूल पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखेच वाढते. जानेवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने घेतलेल्या स्वस्थ बालक स्पर्धेत उंची आणि वजन जोडीने पाहिले गेले. बक्षिसाचा निकष बदलायला अशी जवळपास पन्नास वर्षे लागली.

दरम्यान महाराष्ट्राने बुटकेपणाशी झुंज दिली आणि तिची सुरुवात मराठवाड्याच्या मातीत झाली. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन २००५ मध्ये औरंगाबादेतून सुरू झाले. गर्भधारणेपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ पकडायचा, हे त्याचे सूत्र. दोन वर्षांखालच्या मुलांतला बुटकेपणा २००५-०६ मध्ये सुमारे ३९ टक्के होता, तो २०१२ च्या राज्य सर्वेक्षणात सुमारे २३ टक्के आढळला. पोषण म्हणजे नुसते खिचडीचे वाटप नव्हे, हे सरकारी यंत्रणेला तेव्हा पटले.

याच सुमारास पुण्यात एक वेगळा शोध चालू होता आणि लठ्ठपणाच्या अभ्यासातला आपला सर्वांत मोठा वाटा तिथून आला. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी मांडले होते की मोठेपणीच्या हृदयविकाराची आणि मधुमेहाची बीजे गर्भातच पडतात. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. त्या गावांतली बाळे जन्मताना सरासरी २.७ किलोची होती आणि साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण चरबी मोजली तेव्हा आपली बाळे तेवढ्या प्रमाणात कमी भरली नाहीत. स्नायू कमी, अवयव लहान, चरबी मात्र राखलेली. ‘दिसायला बारीक, आतून चरबीचे’ असे हे भारतीय बाळ २००३ मध्ये जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात दाखल झाले. पुढच्याच वर्षी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छापली. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) नेमका २२.३, शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के.

या एका शोधाने इथल्या लठ्ठपणाची व्याख्या बदलते. ज्या बाळाच्या शरीराने गर्भातच टंचाईची तयारी करून ठेवली, त्याला पुढे स्वस्त साखर आणि तेल मिळाले तर त्याचा मेद झपाट्याने वाढतो. पुण्याच्याच अभ्यासात दिसले की गरोदरपणात ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या आणि फळे जास्त होती, त्यांची बाळे चांगल्या चणीची निघाली. ज्यांच्या रक्तात फॉलेट हे जीवनसत्त्व भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. म्हणजे लठ्ठपणाचा प्रतिबंध बाळाच्या पहिल्या वेफर-पुड्याच्या कितीतरी आधी, सून जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसते तिथे सुरू होतो. मराठवाड्यात मुलींची लग्ने अजून लवकर होतात. वाढीच्या वयातली मुलगी पोटातल्या वाढीला काय पुरवणार, हा म्हणूनच या पुस्तकाचाही प्रश्न आहे.

लठ्ठपणा रोखण्याच्या विचारात ढोबळमानाने चार पंथ आहेत. पहिला दवाखान्याचा: मूल जाड झाले की डॉक्टरांकडे न्यावे, त्यांनी आहार लिहून द्यावा. दुसरा वर सांगितलेला जीवनक्रमाचा: गर्भ आणि पहिले हजार दिवस सांभाळावेत. तिसरा परिसराचा: मूल ज्या गावात, शाळेत, रस्त्यावर वाढते, ती ठिकाणे बदलावीत. चौथा कायद्याचा आणि बाजाराचा: काय विकले जाते, कशी जाहिरात होते, कर किती, हे सरकारने ठरवावे. हे पंथ एकमेकांचे वैरी नाहीत, पण त्यांचा भर वेगळा आहे, आणि पैसा कुठे लावायचा हे ठरवताना त्यांच्यात खडाजंगी होते.

तिसऱ्या पंथाचे तात्त्विक मूळ शोधायचे तर जेफ्री रोज या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाच्या १९८५ च्या निबंधापाशी जावे लागते. आजारी माणसे का आजारी पडली, हा एक प्रश्न. सगळ्या समाजातच तो आजार इतका का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर माणसात सापडते, दुसऱ्याचे समाजाच्या रीतीत. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया प्रांताने हृदयविकाराबाबत १९७२ पासून समाजाची रीतच बदलून दाखवली होती. दूधसंघ, बेकऱ्या, बायकांच्या संघटना, शाळा या सगळ्यांना कामाला लावून त्यांनी अख्ख्या प्रांताचे जेवण बदलले. लठ्ठपणाला पोसणारे वातावरण ही कल्पना न्यूझीलंडचे बॉइड स्विनबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली आणि चर्चेचा रोख मुलाच्या तोंडावरून त्याच्या भोवतालाकडे वळला.

लहान मुलांसाठी यातले सर्वांत बोलके उदाहरण उत्तर फ्रान्समधल्या फ्लरबे आणि लावाँती या दोन छोट्या गावांचे. १९९२ मध्ये तिथल्या शाळांत पोषणाचे धडे सुरू झाले. मुलांना सगळे पाठ झाले, वजनावर मात्र परिणाम होईना. पुढे नगरपालिका, दुकानदार, डॉक्टर, क्रीडामंडळे उतरली, तेव्हा चित्र पालटले. २००४ मध्ये तिथे जादा वजनाची मुले ८.८ टक्के होती, तर तुलनेसाठी घेतलेल्या शेजारच्या गावांत १७.८ टक्के. त्यातूनच २००४ मध्ये दहा फ्रेंच शहरांत एपोद नावाचा कार्यक्रम निघाला आणि पुढे अनेक देशांत गेला. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँग शहराने २००४ ते २००८ या काळात पाच वर्षांखालच्या सुमारे १२,००० मुलांसाठी पाळणाघरे आणि बालवाड्या हाताशी धरून असाच कार्यक्रम राबवला. गोड पेयांऐवजी पाणी आणि दूध, पाकिटातल्या खाऊऐवजी फळे-भाज्या, रोजचा खेळ. दोन आणि साडेतीन वर्षांच्या मुलांत जादा वजनाचे प्रमाण त्यानंतर घटलेले आढळले.

या यशोगाथा जशाच्या तशा उचलू नयेत, हेही इथेच सांगायला हवे. एपोदवर मोठी टीका झाली ती खाद्यकंपन्यांचा पैसा घेतल्याबद्दल. पुडा विकणाऱ्याच्याच पैशाने पुड्याविरुद्धची मोहीम कशी चालेल? शिवाय असे अनेक प्रयोग निधी संपला की विरून जातात. पण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच मोलाचा आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०२५ साली एक मोठे एकत्रित विश्लेषण आले. बाळाच्या पहिल्या वर्षातच आईवडिलांना आहार, झोप, खेळ यांचे शिक्षण देणाऱ्या चाचण्यांतल्या नऊ हजारांहून अधिक मुलांची माहिती त्यात तपासली होती. दुसऱ्या वाढदिवसाच्या सुमारास या मुलांच्या बीएमआयवर त्या शिक्षणाचा परिणाम दिसला नाही. आईला शिकवावे, जरूर शिकवावे. पण तिच्या अंगणाबाहेरचे काहीच बदलले नाही तर ते शिक्षण एकटे पुरे पडत नाही.

चौथ्या पंथाकडे चिलीने २०१६ मध्ये जगाचे लक्ष वेधले. साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर तिथे काळे अष्टकोनी शिक्के आले. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर कर लावला. आपल्याकडे बाळांच्या डबाबंद दुधाची जाहिरात रोखणारा कायदा १९९२ चा, म्हणजे या बाबतीत आपण मागे नव्हतो. महाराष्ट्र सरकारने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत जंक फूडला मनाई केली आणि २०२० च्या केंद्रीय नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या ५० मीटरांत अशा पदार्थांच्या विक्रीला बंदी घातली. एप्रिल २०२५ च्या पोषण पंधरवड्यात मुलांचा लठ्ठपणा हा विषय अधिकृतपणे आला. कागद तयार आहे. पण खेड्यात शाळा, अंगणवाडी, मंदिर आणि किराणा दुकान एकाच चौकात असतात. ५० मीटर मोजायला पट्टी घेऊन येणार कोण? दुकानदार कुणाचा चुलता असतो, कुणाचा मेहुणा. इथे कायद्याआधी ग्रामसभेतला शब्द चालतो.

आणि ग्रामसभेच्या शब्दावर आरोग्य उभे करण्याची परंपरा या भागाला फ्रान्सकडून शिकावी लागत नाही. भूम तालुक्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी करून पाणी, शेती, जात आणि पोषण यांना एकत्र हात घातला. पुढे जगभरचे लोक ते पाहायला आले. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात ‘भारतवैद्य’ स्त्रिया घडवल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लोहारा-उमरग्याचा पट्टा उद्ध्वस्त झाला. घरे पुन्हा बांधताना गावोगावच्या बायका पहिल्यांदा सरकारी कामाच्या हिशेबाला बसल्या. त्या अनुभवातून स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचे काम वाढले आणि दुष्काळाच्या वर्षांत त्यातून एक एकर शेतीची कल्पना रुजली. घरच्या जमिनीतला एखादा एकर बाईच्या हाती, त्यात सोयाबीनऐवजी कडधान्ये, ज्वारी-बाजरी, भाजीपाला. आधी घरच्या ताटाला, उरले तर बाजाराला. लठ्ठपणा हा शब्दही न उच्चारता झालेले हे लठ्ठपणाच्या प्रतिबंधाचे काम आहे.

ताट आणि शेत यांचे नाते इथे फार सरळ आहे. शाळूची भाकरी, तुरीचे वरण, हुलग्याचे माडगे, ज्वारीच्या कण्या, अंबाडी, तांदुळजा, घोळ, शेंगदाण्याची चटणी, करडईचे तेल हे या मातीचे जेवण. गेल्या काही दशकांत शिवारात सोयाबीन आणि ऊस वाढला, रेशनवर गहू-तांदूळ आला, तेल पाकिटातून येऊ लागले. भाकरी मागे पडली. मजुरीला जाणाऱ्या आईला भाकरी थापायला वेळ नाही आणि पाच रुपयांचा पुडा टपरीवर लटकलेला आहे. रडणाऱ्या लेकराला आजी चहात बिस्कीट बुडवून देते, कारण तिला त्याहून पटकन करता येण्यासारखे काही नाही. बालरोगतज्ज्ञ पाच वर्षांखालच्या मुलांना चहा देऊच नका म्हणतात. ही गोष्ट आजीपर्यंत पोचलेली नाही. भूम-वाशी-कळंबच्या पट्ट्यात दुधाचा खवा होतो, कुंथलगिरीचे नाव त्या खव्याने लांबवर गेले. त्याच पट्ट्यातल्या लेकराच्या पेल्यात दूध किती आणि चहा किती, हे एकदा घरोघर पाहण्यासारखे आहे. देशात सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि पुरेशा प्रकारचा आहार मिळतो तो जेमतेम ११ टक्क्यांना. म्हणजे पोट भरते, पण ते कशाने भरते हा प्रश्न राहतो.

मग ‘सगळ्या गावाने मिळून’ म्हणजे नेमके काय? चित्र असे आहे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात; त्यातून उंची मोजण्याची नीट साधने घेता येतात आणि अंगणवाडीपुढे सावलीचे अंगण करता येते. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून तीन तास हालचाल करावी आणि पडद्यासमोर तासाभराहून जास्त बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. जिथे रस्त्यावर ट्रॅक्टर आणि दारात मोबाइल, तिथे हे तीन तास आणायचे कुठून, हे सरपंचालाच सोडवावे लागेल. बचत गट शेंगदाणा-गुळाचा लाडू, फुटाणे, उकडलेल्या शेंगा त्याच पाच रुपयांत टपरीवर ठेवू शकतात. दुकानदाराचा धंदा बुडवायचा नाही, त्याच्या बरणीत दुसरे काही घालायचे आहे. अंगणवाडीतला वाढदिवस केकशिवाय होऊ शकतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाच्या मुलाचे कार्ड कारखान्याच्या गावातल्या अंगणवाडीत चालले पाहिजे, नाहीतर सहा महिने त्या मुलाला फक्त कोपीवरचा चहा-बिस्कीट आणि टपरी उरते. आणि सुनेला पहिल्या पंगतीत बसवायचे, तर ते सांगायला डॉक्टरपेक्षा कीर्तनकार जास्त उपयोगी पडेल.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला: लठ्ठपणाची भीती घालून बाळाच्या ताटातले तेल-तूप काढून घेणे. दोन वर्षांखालच्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला स्निग्धांश लागतो. भाकरीच्या काल्यावरचा तुपाचा चमचा हा शत्रू नव्हे. राज्यातली ६८.९ टक्के लहान मुले रक्तक्षयाची असताना ‘कमी खा’ हा संदेश इथे गुन्हाच ठरेल. इथला संदेश आहे ‘नीट खा’. दुसरा खड्डा: मुलाला चिडवणे. अंगणवाडीत एका लेकराला ‘ढोल्या’ म्हणून रांगेत वेगळे उभे केले, की त्याचे घर त्या अंगणवाडीकडे पाठ फिरवते. म्हणून या पुस्तकात जाड मुलासाठी वेगळा कार्यक्रम सुचवलेला नाही. जे हडकुळ्या मुलाला उपकारक, तेच जाड होऊ पाहणाऱ्यालाही उपकारक ठरेल अशा उपायांचा शोध आहे. पोषणशास्त्रात त्यांना दुहेरी कामाचे उपाय म्हणतात: सहा महिने फक्त आईचे दूध, पुढे घरचे वरण-भाकरी-भाजी-अंडे, गरोदर मुलीचे भरलेले ताट, स्वच्छ पाणी, मोकळे खेळणे.

हे पुस्तक कोणासाठी, याचा विचार त्याच्या रचनेत दिसेल. ते तज्ज्ञांच्या परिषदेसाठी नाही. सेविका, आशा, मदतनीस, परिचारिका, शिक्षक, सरपंच, बचत गटाची सचिव आणि एखादा किराणा दुकानदार यांच्या हाती ते पडावे, अशी त्याची भाषा आहे. शरीरशास्त्र आवश्यक तेवढेच आहे; शेत, बाजार, स्वयंपाकघर आणि ग्रामसभा यांवर भर आहे. परदेशी प्रयोग आदर्श म्हणून नव्हे, तुलनेला आणि सावधगिरीला घेतले आहेत. तयार कार्यक्रमाचा आराखडा मुद्दामच दिलेला नाही. परांड्याच्या बागायती गावाला जे लागू, ते वाशीच्या कोरडवाहू वाडीला लागू पडेलच असे नाही. प्रत्येक गावाने स्वतःला विचारायचे प्रश्न मात्र दिले आहेत: आपल्या चौकात मुलांच्या हाताला काय लागते? कोणत्या महिन्यात भाजी मिळत नाही? दुपारी लेकरू कोण सांभाळते आणि त्याला शांत कशाने करते? उंची मोजतो का, आणि मोजली तर कुणाला सांगतो?

या पुस्तकाशी मतभेद होतील, व्हावेत. उपाशी मुले असताना हा विषय पुढे आणल्याने निधी वाटला जाईल, ही भीती खोटी नाही. पण निधी आज वाटला गेला आहे तो उलट्या दिशेने: कुपोषणाचा एक विभाग, मधुमेहाचा दुसरा, आणि दोघांना जोडणारी ती ८२ सेंटिमीटरची मुलगी कुणाच्याच रकान्यात नाही. धाराशिवला अजून वेळ आहे. मोठ्या शहरांना जे वळण नंतर उलटे फिरवावे लागते आहे, ते इथे लागण्याआधीच टाळता येईल. त्यासाठी नव्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. पुढच्या ग्राम आरोग्य व पोषण दिवशी वजनाबरोबर उंचीही नीट मोजावी, दोन्ही आकडे शेजारी-शेजारी ठेवून मुलांची नावे न घेता ग्रामसभेत वाचावेत आणि गावाने त्यावर तासभर बोलावे. त्या तासाची तयारी करून देणे, एवढेच या पुस्तकाचे काम आहे.